वंगणासाठी ठेवलेले बोळे

किसनरावांना कुठलीही वस्तू टाकवत नसे. तुटलेला कासरा, वाकडे खिळे, फुटक्या कंदिलाची काच, सगळं ‘कामी पडेल’ म्हणून गोठ्याच्या माळ्यावर जाऊन बसे. त्यांची बायको भागीरथाबाई शेजारणींना सांगत, “मी मेली तरी मले टाकाचे नाहीत हे. ठेवतीन माळ्यावर.” बायका हसत, किसनरावही हसत, कारण ही खोड आहे असं त्यांना कधी वाटलंच नव्हतं. त्यांच्या लेखी तो संसारातला शहाणपणा होता.

अठ्ठावन्न साली त्यांच्या विमलचं लग्न वैशाखात धरलं. आर्णीपासून दोन कोसांवरच्या त्या गावात दुमजली घर एकट्या किसनरावांचं, त्यामुळे नवरदेवाकडची वडीलधारी मंडळी माडीवर उतरणार हे ठरलेलंच होतं. माडीची जमीन सागवानी फळ्यांची होती. आजोबांच्या काळात जंगल पार शिवारापर्यंत होतं, तेव्हाचं ते लाकूड. पण पन्नास वर्षं त्या फळ्यांवरून ज्वारीची पोती ओढली गेली, तुरी वाळल्या, कंदिलांचं रॉकेल सांडलं, आणि त्या काळ्याकुट्ट पडल्या होत्या. अनवाणी चाललं तर कुसळ पायात जाई.

एकदा कामानिमित्त किसनराव जंगलखात्याच्या बंगल्यात गेले होते. तिथली लाकडी जमीन त्यांनी पाहिली आणि त्यांच्या डोक्यात किडा शिरला. तोंड दिसावं अशी ती चमकत होती. बंगला साहेबाचा, पण साग तर आपल्याच जंगलातला! मग आपली जमीन का चमकू नये? त्यांनी आर्णीच्या एका म्हाताऱ्या सुताराला गाठलं, पण काम त्याला दिलं नाही. नुसती रीत विचारून घेतली. आधी रंधा मारायचा, मग काचकागदानं घासायचं, मग जवसाचं तेल उकळून कापसाच्या बोळ्यानं फळीत जिरवायचं, तीन हात.

म्हातारा शेवटी म्हणाला, “अन् काम झालं का थे तेलाचे बोळे पान्यात बुडवा. नाहीतं उन्हात एकेक मोकळा पसरा. ढीग करू नका.”

“काहून?”

“आमचा बाप तसं करे.”

किसनरावांना वाटलं, सुतारांची काहीतरी रूढी असेल. त्यांनी मान हलवली आणि विसरून गेले.

पाडवा झाला तसं काम सुरू झालं. हाताखाली नेमसिंग होता. नेमसिंग त्यांचा सालदार, वर्षाच्या बोलीवरचा गडी, पलीकडच्या बंजारा तांड्यावरचा. त्याच्या आजा-पणजांनी बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूख तुडवला होता. नेमसिंगला ती बैलांची जाण रक्तातच मिळालेली. अकरा वर्षं तो किसनरावांकडे होता. कानामागे कायम एक बिडी खोचलेली, आणि तोंडात हसू. पाच दिवस दोघांनी समोरासमोर बसून रंधा ओढला. वरची काळी साल निघाली आणि आतून पिवळंधमक लाकूड उघडं पडलं, तसा सगळ्या घरात सागाचा वास भरला.

नेमसिंगनं एक ढलपी उचलून हुंगली. “मालक, हे लाकूड तं अजून जितं हाय जी.”

“तुह्यापेक्षा जास्त,” किसनराव म्हणाले, आणि दोघंही हसले.

माडीच्या कोपऱ्यात विमलच्या गाद्यांसाठी पिंजून आणलेला कापूस होता. तो नेमसिंगनं तिथून उचलून मागच्या भिंतीशी नीट रचून ठेवला. सहाव्या दिवशी दोघांनी मिळून तेल लावलं. अकरा वाजेस्तोवर पहिला हात झाला आणि तेलात भिजलेल्या बोळ्यांची एक टोपली भरली. भागीरथाबाई जिन्यातून ओरडल्या, “थे घाण चुलीत घाला आधी!” किसनरावांना ते पटणं शक्यच नव्हतं. एवढं तेल प्यालेला कापूस! बैलबंडीच्या आसाला वंगण म्हणून वर्षभर पुरला असता. त्यांनी आपल्या हातानं ते बोळे टोपलीत गच्च दाबले, टोपली कापसाच्या ढिगामागे सरकवली आणि वरून दोन ओंजळी कापूस टाकला, बायकोला दिसू नये म्हणून.

चार वाजता माडी पेटली.

किसनराव ओसरीवर होते. आधी त्यांना करपलेल्या तेलाचा वास आला, मग माडीच्या खिडकीतून धूर. ते नुसते ओरडत राहिले. नेमसिंग गोठ्यातून धावत आला, जिना चढला आणि पेटलेला कापूस कवेत घेऊन खिडकीतून खाली फेकू लागला. दोन्ही हातांनी, पुन्हा पुन्हा. मागून लोक घागरी घेऊन आले. घर वाचलं. कापूस गेला, मागच्या भिंतीजवळच्या दोन फळ्या जळून काळ्या झाल्या, आणि नेमसिंगचे तळहात सोलून निघाले.

आग विझली की लोक कारण शोधू लागतात, आणि कारण कुणाच्या तरी नावावर टाकल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. किसनरावांना जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बिडीचं थोटूक सापडलं. पोरीचं लग्न डोळ्यांसमोर होतं, आणि सगळं गाव अंगणात उभं होतं. त्यांनी ते थोटूक वर धरलं.

“हे पाह्य! अकरा वर्षं सांगून राह्यलो मी याले, का घरात ओढत नको जाऊ म्हणून!”

नेमसिंग हात पुढे धरून उभा होता. भागीरथाबाई त्याच्या हातांवर खोबरेल तेल सोडत होत्या. तो थोटकाकडे बघत राहिला.

“मालक, म्या दुपारी जिन्यावर बसून ओढली, हे खरं हाय. पन चुरडून टाकली व्हती जी.” मग त्याचा आवाज खाली गेला. “चुरडली असन न?”

त्या ‘असन न’नंच सगळं झालं. बिडी चुरडल्याचं कोण लक्षात ठेवतं? तो स्वतःच स्वतःवर संशय घेऊ लागला, तिथे दुसऱ्यांनी का घेऊ नये? किसनरावांचा शब्द आजूबाजूच्या चार गावांत कुणी मोडत नसे. दुसऱ्या दिवशी तांड्याच्या नायकानं, भीमसिंगनं, माणसं बसवली. नायकानं फार काही केलं नाही. नेमसिंगनं बिडी सोडावी, आणि कुणाच्या खळ्यात, गंजीपाशी, कापसापाशी एकट्यानं जाऊ नये, एवढंच सांगितलं. वाक्य लहान होतं, पण खळं, गंजी आणि कापूस काढून घेतला तर त्या मुलखात सालदाराला उरतं काय? आठ दिवसांत लोक त्याला नाव सोडून ‘आगलाव्या’ म्हणू लागले.

किसनराव मात्र समाधानात होते. पोलीसपाटलाकडे गेलो नाही, भरपाई मागितली नाही, केवढा मोठेपणा! त्यांनी जळक्या फळ्या उपटल्या आणि उलट्या केल्या. खालची बाजू कोरी होती. तिच्यावर रंधा मारून त्या पुन्हा ठोकल्या. काळी बाजू खाली गेली आणि जमीन जशीच्या तशी झाली. मग एकट्यानंच तेलाचा दुसरा हात दिला. या वेळी बोळे त्यांनी माडीवर ठेवले नाहीत. आता त्यांना आगीची धास्ती होती. जुन्या पत्र्याच्या बादलीत दाबून भरले आणि बादली अंगणात निंबाखाली ठेवली. वंगणासाठी, अर्थात.

दुपारी ते ओसरीवर लवंडले होते. ऊन रणरणत होतं. भागीरथाबाई आणि विमल शेजारी शेवया करायला गेल्या होत्या. किसनरावांचा डोळा लागत होता, तेवढ्यात वास आला. करपलेल्या तेलाचा.

ते उठून बसले. निंबाखालच्या बादलीतून बारीक धूर निघत होता. त्यांनी बादलीला हात लावला आणि झटकन मागे घेतला. पत्रा तव्यासारखा तापला होता. काडीनं वरचे बोळे बाजूला केले तर आतला कापूस काळा पडून कडेनं लाल होत होता. आसपास चूल नव्हती, बिडी नव्हती, माणूस नव्हता. वाऱ्याची झुळूक आली आणि लाल कड वाढली. म्हातारा सुतार त्यांना आठवला. पान्यात बुडवा. ढीग करू नका.

किसनराव किती वेळ तसेच उकिडवे बसले होते कुणास ठाऊक. मग त्यांनी रांजणातलं पाणी बादलीत ओतलं, बादली उचलली आणि मागच्या उकिरड्यात नेऊन बोळ्यांसकट गाडली. जन्मात पहिल्यांदा त्यांनी एखादी वस्तू टाकली.

संध्याकाळी भागीरथाबाईंनी विचारलं, “अजी, निंबाखालची बादली कुठी गेली?”

“फुटली व्हती.”

“तुमी फुटकी वस्तू टाकली?” बाईंनी त्यांच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. “तब्येत बरी हाय न तुमची?”

तब्येत बरी नव्हतीच. रोज सकाळी ते मनाशी ठरवत, आज तांड्यावर जायचं, नेमसिंगला सांगायचं. आणि रोज दुपारपर्यंत एखादं कारण सापडे. चार दिवसांवर अक्षय तृतीया होती, त्या दिवशी सालदारांची नवी सालं ठरतात. त्याच्या आधी सांगायला हवं होतं, हे त्यांना चांगलं कळत होतं. पण व्याही काय म्हणतील? आपल्या हातानं आपलं घर पेटवणारा, आणि आळ गरिबावर घेणारा सासरा! लग्न होऊन जाऊ दे, मग सांगू. त्यांनी दुसरा सालदार ठेवला. नेमसिंगला त्या दिवशी कुणीच ठेवलं नाही.

लग्न थाटात झालं. व्याही माडीवर चढले आणि दारातच वहाणा काढून थबकले. “किसनराव, जमीन हाय का आरसा?” मंडळी वाकून वाकून बघू लागली. एक पाहुणा नेमका त्या दोन उलट्या फळ्यांवर मांडी घालून बसला आणि मांडीजवळचं लाकूड तळहातानं कुरवाळू लागला. “जवसाचं तेल,” ते म्हणाले. आणि पानाचं तबक पुढे करून ते जिना उतरले. सगळ्यांना तो विनय वाटला.

पंगती उठत होत्या तेव्हा त्यांना मांडवाबाहेर, पार रस्त्याच्या कडेला, नेमसिंग दिसला. सोबत त्याची बायको सुखीबाई होती. किसनराव त्याच्याकडे गेले.

“आत ये न. इथी काहून उभा?”

“नाही जी. तिकडं चुली पेटल्या हायेत. म्या लांबच बरा.” त्याच्या कानामागे बिडी नव्हती. तळहातांवर नवी गुलाबी कातडी आली होती, पण ती आखडली होती आणि बोटं आत वळून राहिली होती. “विमलताईले पाह्याले आलतो. पोरगी खांद्यावर खेळली माह्या.” मग तो वाकला आणि त्या वाकड्या हातांनी त्यानं किसनरावांचे पाय धरले. “म्या तुमचं घर जाळलं, मालक. अन् तुमी मले पोलिसात नाही देल्लं. दुसरा असता तं देल्लं असतं.”

किसनराव ताठ उभे होते. मांडवातून सनईचा आवाज येत होता, लोक बघत होते. “बरं, बरं,” ते म्हणाले. “जेवून जा.”

त्या क्षणानंतर त्यांना अन्न गोड लागलं नाही. माडीवर ते चढेनात. फळ्या पुसायला गेलेल्या भागीरथाबाईंना ते खालूनच हाक मारीत. पायांना काहीतरी चिकटलं आहे असं वाटून दिवसातून तीनतीनदा पाय धूत. स्वतःची इतकी किळस त्यांना कधी आली नव्हती, आणि तरीही ते गप्प होते.

लग्नानंतर तीन आठवड्यांनी भागीरथाबाई तांड्यावरून आल्या आणि पदरानं घाम पुसत म्हणाल्या, “नेमसिंग चालला. सोमवारी. राजूरच्या कोळशाच्या खाणीत. इकडं कोनी कामाले लावत नाही म्हने.”

“त्या हातानं कोळसा?”

“मंग काय करन? सुखी रडून राह्यली व्हती.” त्या नवऱ्यासमोर बसल्या. “थे बादली कुठी गेली, सांगा आता.”

किसनरावांनी सांगितलं. बाई ओरडल्या नाहीत. त्यांनी फक्त कपाळावर हात मारून घेतला आणि म्हणाल्या, “मले नका सांगू. तिकडं जाऊन सांगा.”

रविवारी सकाळी किसनराव चालत तांड्यावर गेले. खांद्यावर पिंजलेल्या कापसाचं गाठोडं, एका हातात टोपली, दुसऱ्या हातात उकळलेल्या तेलाचा डबा. भीमसिंग नायकाच्या दारापुढे मोकळी जागा होती, तिथे ते मातीत बसले. बाज आणली, ती त्यांनी नाकारली.

“नायक, माणसं बलवा. आग नेमसिंगनं नाही लावली. म्या लावली.”

लोक जमले. नेमसिंग मागे आपल्या दाराशी उभा राहिला. किसनरावांनी सगळ्यांसमोर कापसाचे बोळे तेलात भिजवले, पिळले, टोपलीत गच्च दाबले, वरून कोरा कापूस टाकला, अगदी त्या दिवशीसारखा. मग दहा पावलं मागे सरकून बसले. “आता टोपलीजवळ कोनी जाऊ नका. तेलाचा कापूस दाबून ठेवला का आतल्या आत तापते, अन् आपोआप पेटते.”

कुणीतरी हसलं. मालकांना ऊन लागलं, कुणीतरी कुजबुजलं. तासाभरानं बरेच जण उठून गेले. दोन तासांनी नायकही सावलीत सरकला. किसनरावांनी पाणीसुद्धा घेतलं नाही. टोपली ढिम्म होती. हे पेटलंच नाही तर? जगात पहिल्यांदाच एखादा माणूस आग लागावी म्हणून देवाला हात जोडत बसला असेल. ते इथून उठले असते तर पुन्हा यायची हिंमत त्यांच्यात नव्हती, आणि हे त्यांचं त्यांनाच माहीत होतं.

दुपार कलली तेव्हा तो वास आला.

“धूर!” एक बाई ओरडली. माणसं सावलीतून धावत आली. कापसाच्या मधोमध तपकिरी डाग पडला, तो पसरला, त्यातून धुराची रेघ निघाली आणि बघता बघता वारा लागून टोपली भडकली. सगळे मागे हटले. दोन महिने कुणाच्या चुलीपाशी न फिरकलेला नेमसिंग तेवढा पुढे आला. बोटं मिटत नव्हती, म्हणून दोन मनगटांत घागर धरून त्यानं पाणी ओतलं. टोपली चरचरत विझली.

मग नायकानं सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, “नेमसिंगवर आता कोनताच डाग नाही. आजपासून त्याले कोनी आगलाव्या म्हनन तं माह्याशी गाठ हाय.” सुखीबाई दारातच मट्कन बसली आणि तोंडावर ओढणी घेऊन रडू लागली.

किसनराव उठून नेमसिंगपुढे गेले. “नेमसिंग, राजूरले नको जाऊ. उद्यापासून ये. तू नुसता बैलांजवळ बसून राह्य, काम दुसरे करतीन.”

नेमसिंग विझलेल्या टोपलीकडे बघत होता. “म्हंजे म्या चुरडली व्हती बिडी,” तो हळूच म्हणाला. मग त्यानं मान वर केली. “मालक, हे तुमाले कवा समजलं?”

येताना वाटभर किसनरावांनी सगळी उत्तरं जुळवून ठेवली होती. एवढा एकच प्रश्न त्यांना सुचला नव्हता. ‘काल’ हा शब्द अगदी जिभेवर आला. काल म्हटलं असतं तर सगळं मिटत होतं. सुखीबाईनं रडणं थांबवून त्यांच्याकडे पाहिलं.

“अक्षय तृतीयेच्या चार दिवस आधी,” किसनराव म्हणाले.

“म्हंजे लग्नाच्या आंधी. म्या तुमच्या पाया पडलो, तवा तुमाले माहीत व्हतं?”

“व्हतं.”

नेमसिंगची नजर खाली गेली, किसनरावांच्या धुळीनं भरलेल्या पायांवर. आवाजात राग नव्हता. त्याला खरोखरच समजून घ्यायचं होतं.

“मंग पाय काहून मांगं नाही घेतले, मालक?”

नेमसिंग आपले वाकडे हात छातीशी धरून उत्तराची वाट बघत तिथेच उभा राहिला.